प्रवाळटाकीसाठी दिवा निवडताना: मेटल हॅलाइड, टी५ की एलईडी?

घरातील खाऱ्या पाण्याच्या टाकीत प्रवाळ वाढवायचे ठरले की दिव्याची निवड हा पहिला मोठा निर्णय असतो. मासे बहुतेक कोणत्याही उजेडात जगतात, प्रवाळ जगत नाहीत. त्यांच्या ऊतींमध्ये झूझँथेली नावाची एकपेशीय शैवाले राहतात, ती प्रकाशसंश्लेषणातून साखर आणि इतर सेंद्रिय पदार्थ तयार करतात आणि त्यांतला मोठा वाटा आपल्या यजमानाला देतात. उथळ पाण्यातील अनेक दगडी प्रवाळांची ऊर्जेची बहुतांश गरज याच मार्गाने भागते. आज घरगुती टाकीसाठी मेटल हॅलाइड (धातूंच्या क्षारांच्या वाफेतून प्रकाश देणारा जोरदार दिवा), टी५ नळ्या (बारीक ट्यूबलाइट) आणि एलईडी असे तीन पर्याय समोर येतात आणि टी५ व एलईडी एकाच चौकटीत बसवलेला संकरित दिवा हा चौथा. या चारही प्रकारांखाली वाढलेली प्रवाळे मी जवळून पाहिली आहेत आणि मीटर लावून मोजमापेही घेतली आहेत. त्यावरून माझे मत असे झाले आहे की पुरेसा प्रकाश चारही प्रकार देऊ शकतात. तो प्रकाश प्रवाळावर किती ठिकाणांहून आणि किती दिशांनी पडतो, यातच त्यांच्यातला खरा फरक आहे.

निवडीपूर्वी मोजमापाचा प्रश्न सोडवून घ्यावा लागतो, कारण दिव्यांच्या खोक्यांवर छापलेले बहुतेक आकडे प्रवाळांच्या दृष्टीने निरुपयोगी असतात. दिवा किती वीज घेतो एवढेच वॅटचा आकडा सांगतो. ल्युमेन आणि लक्स ही मापे माणसाच्या डोळ्यावर बेतलेली आहेत. आपला डोळा ५५५ नॅनोमीटरच्या आसपासच्या पिवळसर हिरव्या प्रकाशाला सर्वाधिक प्रतिसाद देतो, तर झूझँथेलींमधील क्लोरोफिल आणि पेरिडिनिन ही रंगद्रव्ये मुख्यतः निळा आणि निळसर हिरवा प्रकाश शोषतात. साहजिकच निळ्या दिव्याचे लक्समधील माप फारच कमी दिसते. उपयोगाचे माप म्हणजे पार, म्हणजेच ४०० ते ७०० नॅनोमीटर या पट्ट्यातील किती फोटॉन दर सेकंदाला दर चौरस मीटरवर पडतात हे मायक्रोमोलमध्ये सांगणारा आकडा. उष्ण कटिबंधात निरभ्र दुपारी समुद्राच्या पृष्ठभागावर तो २००० च्या आसपास जातो, पण टाकीत तेवढ्याची गरज नसते. मशरूम, झोअँथस आणि इतर मऊ प्रवाळांना साधारण ५० ते १०० पुरतात. हॅमर, टॉर्च अशा मोठ्या पॉलिपांच्या (पॉलिप म्हणजे प्रवाळाच्या वसाहतीतला एकेक जीव) दगडी प्रवाळांना ७५ ते १५०. आणि ॲक्रोपोरासारख्या लहान पॉलिपांच्या जातींना २०० ते ३५०. एका मर्यादेनंतर प्रकाश वाढवूनही प्रकाशसंश्लेषणाचा वेग वाढत नाही आणि त्याच्याही पुढे गेल्यास तो उलट घटू लागतो. दिवसभराच्या बेरजेचाही विचार करावा लागतो. २०० पार दहा तास दिला काय आणि २५० पार आठ तास दिला काय, दिवसाची बेरीज ७.२ मोल एवढीच होते. त्यामुळे दुबळा दिवा थोडा जास्त वेळ लावून काही प्रमाणात कमतरता भरून काढता येते.

पार मीटर महाग असतो, पण दिव्याच्या किमतीच्या मानाने पाहता तो काही दिवसांसाठी उसना किंवा भाड्याने मिळवणे हा सर्वांत फायद्याचा खर्च आहे. मीटर कोणता, हेही पाहावे. अपोजी कंपनीच्या २०० मालिकेतील जुने संवेदक निळा प्रकाश प्रत्यक्षापेक्षा कमी दाखवतात, त्यामुळे निळ्या एलईडीखाली त्यांच्यावर विसंबून दिवा वाढवणाऱ्याची प्रवाळे भाजण्याचा धोका असतो. ५०० मालिकेतील संवेदक या बाबतीत बरेच अचूक आहेत. मोबाइलच्या कॅमेऱ्यावर चालणारी ॲप्स गडद निळ्या प्रकाशात भरवशाची नाहीत. साधा लक्स मीटर मात्र एका कामाला चांगला आहे. दोन वेगळ्या दिव्यांची तुलना त्याने करता येत नसली, तरी एकाच दिव्याचा प्रकाश महिन्यागणिक किती घटला हे तो प्रामाणिकपणे दाखवतो.

रंगाबद्दल थोडक्यात. दिव्यांवर ६५००, १०,०००, १४,००० किंवा २०,००० केल्विन असे रंग-तापमानाचे आकडे असतात आणि आकडा वाढेल तसा प्रकाश निळा होत जातो. समुद्राचे पाणी लाल प्रकाश पहिल्या काही मीटरांतच शोषून घेते आणि निळा खोलवर पोहोचतो, त्यामुळे प्रवाळ आणि त्यांची शैवाले निळ्या प्रकाशाला उत्तम सरावलेली असतात. निळ्या प्रकाशाचे दुसरे काम सौंदर्याचे आहे. प्रवाळांत हिरवी, नारिंगी, लाल चमक देणारी प्रथिने असतात. ज्या जेलीफिश प्रथिनासाठी २००८ चे रसायनशास्त्राचे नोबेल दिले गेले, त्याच कुळातली प्रथिने प्रवाळांच्या वर्गातही आहेत हे १९९९ साली प्रसिद्ध झाले. ती निळा प्रकाश शोषून दुसऱ्या रंगात परत देतात आणि म्हणूनच निळ्या दिव्याखाली टाकी उजळून निघते. जांभळे आणि गुलाबी ॲक्रोपोरा मात्र बऱ्याचदा न चमकणाऱ्या रंगप्रथिनांमुळे तसे दिसतात आणि त्यांचा खरा रंग पाहायचा तर प्रकाशात थोडा पांढराही हवा. लाल प्रकाश जास्त असणे फायद्याचे नाही. स्टायलोफोरा पिस्टिलाटा या प्रवाळावर २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात लाल प्रकाशाचा त्याच्या शैवालांवर विपरीत परिणाम दिसला होता. रंगाच्या बाबतीत एवढे पाळले तर बाकीचा प्रश्न पाहणाऱ्याच्या आवडीचा उरतो. खऱ्या अडचणी रंगातून क्वचित आणि प्रकाशाच्या दिशेतून वारंवार उद्भवतात.

दिशेचा हा मुद्दा सविस्तर मांडणे मला आवश्यक वाटते, कारण विक्रेते त्यावर फारसे बोलत नाहीत. सूर्य हा जवळजवळ एका बिंदूतून येणारा प्रकाश आहे, तरी समुद्रातल्या प्रवाळाच्या सर्व बाजू उजळतात. कारण सूर्य दिवसभर आकाशात सरकत राहतो आणि त्याच्या जोडीला आकाश व ढग यांतून विखुरलेला प्रकाश सगळीकडून येतो. टाकीवरचा दिवा एका जागी टांगलेला असतो. त्यातच पाण्यात शिरताना प्रकाश वाकतो आणि संथ पृष्ठभागातून आत आलेला कोणताही किरण उभ्या रेषेपासून सुमारे ४९ अंशांपेक्षा जास्त कलू शकत नाही. याचा अर्थ असा की वरून कितीही पसरट प्रकाश सोडला तरी पाण्याखाली तो एका शंकूत सामावतो आणि प्रवाळाच्या बाजूंना व बुडाला आधीच कमी प्रकाश मिळतो. दिवा जर एकाच छोट्या जागेतून प्रकाश टाकत असेल तर परिस्थिती आणखी बिघडते. ॲक्रोपोराची वसाहत मुठीएवढी असेपर्यंत काहीच कळत नाही. ती पसरली की वरच्या फांद्या खालच्या फांद्यांवर कायमची सावली धरतात, खालचा भाग आधी तपकिरी होतो, मग पांढरा पडतो आणि शेवटी त्यावरची ऊती निघून जाते. वरच्या टोकांवर त्याच वेळी पार ४०० च्या पुढे असतो, त्यामुळे मीटर वर धरून पाहणाऱ्याला प्रकाश भरपूर आहे असेच वाटते. शस्त्रक्रियागृहातल्या दिव्यात प्रकाश अनेक जागांवरून एकाच ठिकाणी का सोडतात, ते आठवले की प्रवाळटाकीची गरजही लक्षात येते.

हे ओळखण्यासाठी कोणत्याही उपकरणाची गरज नाही. दिवा लावून पाण्यात, वाळूच्या एक वीतभर वर एक पेन्सिल आडवी धरावी आणि वाळूवर पडलेली सावली पाहावी. सावलीची कड धारदार आणि काळी असेल तर प्रकाश एकाच बाजूने येतो आहे. सावली पुसट, दोन-तीन थरांची किंवा जवळजवळ नसल्यासारखी असेल तर प्रकाश अनेक बाजूंनी येतो आहे. कोणताही दिवा विकत घेण्यापूर्वी तो एखाद्या चालू टाकीवर पाहायला मिळाला, तर ही चाचणी अवश्य करावी.

आता प्रत्यक्ष दिव्यांकडे वळतो. मेटल हॅलाइड हा या छंदातला जुना आणि आदरणीय दिवा आहे. घरगुती टाक्यांवर लहान पॉलिपांची दगडी प्रवाळे टिकू लागली त्यात त्याचा वाटा फार मोठा आहे. १५०, २५० आणि ४०० वॅटच्या दिव्यांपैकी २५० वॅटचा एक दिवा साधारण ६० सेंटिमीटर लांबी-रुंदीचा भाग नीट उजळतो. पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठात औद्योगिक अभियांत्रिकीचे प्राध्यापक असलेल्या संजय जोशी यांनी अनेक हॅलाइड दिवे, बॅलास्ट (दिव्याला योग्य वीज पुरवणारे उपकरण) आणि रिफ्लेक्टर (प्रकाश खाली परतवणारा पत्रा) यांची मोजमापे घेऊन ती प्रसिद्ध केली आणि त्यातून दोन गोष्टी छंदातल्या सर्वांना कळल्या: एकाच वॅटचा दिवा बॅलास्ट बदलताच वेगळा वागतो आणि त्याचा प्रकाश टाकीत कसा पडेल हे रिफ्लेक्टरच्या आकारावर मोठ्या प्रमाणात अवलंबून असते. मोठा, रुंद रिफ्लेक्टर असलेला हॅलाइड दिवा प्रकाशाचा उगम लहान असूनही चांगला पसरतो. पाण्यात दूरपर्यंत तो सहज पोहोचतो आणि वाळूवर प्रकाशाची ती हलती जाळी विणतो, जिच्यासाठी अनेक जण आजही हा दिवा सोडायला तयार नाहीत. मला स्वतःलाही ती फार आवडते.

तरीही नव्या टाकीसाठी मी हॅलाइड सुचवत नाही. या दिव्याची बरीचशी ऊर्जा उष्णतेच्या रूपाने खाली पाण्याकडेच जाते. छोट्या बंद खोलीत दोन २५० वॅटचे दिवे दहा तास लावले तर पाण्याचे तापमान २५-२६ अंशांवर रोखण्यासाठी बहुधा चिलर (पाणी थंड करणारे यंत्र) लागतो, आणि मग दिव्याबरोबर चिलरचीही वीज मोजावी लागते. वीज क्षणभर गेली तर दिवा थंड झाल्याशिवाय पुन्हा पेटत नाही. तो मंद करता येत नाही, त्यामुळे नव्याने आणलेल्या प्रवाळांना सरावण्यासाठी दिवा उंच टांगणे, वेळ कमी करणे किंवा मध्ये जाळी धरणे एवढेच उपाय राहतात. वर्षभरात त्याचा रंग आणि तीव्रता दोन्ही ढळतात आणि तो बदलावा लागतो. दोन टोकांच्या हॅलाइड दिव्याला बाहेरचे काचेचे कवच नसते, म्हणून त्याच्यापुढे अतिनील किरण अडवणारी काच असलीच पाहिजे. ती तडकलेली असताना दिवा लावणे प्रवाळांना आणि माणसाच्या डोळ्यांना सारखेच घातक आहे. खूप खोल टाकी, हवेशीर किंवा थंड जागा आणि आधीपासून हाताशी असलेले चांगले बॅलास्ट, अशा तिन्ही गोष्टी जुळून आल्या तरच आज हॅलाइडचा विचार करावा.

टी५ नळ्यांबद्दल माझे मत अतिशय अनुकूल आहे. १६ मिलिमीटर व्यासाची ही नळी २४, ३९, ५४ आणि ८० वॅटमध्ये मिळते आणि प्रत्येक वॅटची लांबी ठरलेली असते; ५४ वॅटची नळी सुमारे ११५ सेंटिमीटर लांब, म्हणजे १२० सेंटिमीटरच्या टाकीवर नेमकी बसणारी. पण टी५ घेताना प्रत्येक नळीमागे स्वतंत्र, वक्र रिफ्लेक्टर आहे की सगळ्या नळ्यांमागे एकच सपाट पत्रा आहे, हे सर्वांत आधी पाहावे. सपाट पत्र्याच्या चौकटीत नळीच्या मागच्या बाजूचा बराच प्रकाश नळीतच आणि शेजारच्या नळ्यांवर वाया जातो. स्वतंत्र रिफ्लेक्टरच्या सहा किंवा आठ नळ्या टाकीवर लावल्या की प्रकाशाचा उगम टाकीएवढाच लांब-रुंद होतो, पेन्सिलची सावली जवळजवळ नाहीशी होते आणि फांद्यांच्या पोटालाही रंग धरतो. मोजमापातही हे उमटते. टाकीच्या एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत समान खोलीवर पारच्या आकड्यांत एलईडीखाली दिसतात तसे चढउतार टी५खाली दिसत नाहीत. नवशिक्याला यात एक मोठी सोय अशी की प्रवाळ कुठेही ठेवले तरी त्या खोलीवर त्याला काय मिळणार हे आधीच सांगता येते.

नळ्यांच्या रंगांची जुळवणी हाही टी५चा आनंदाचा भाग आहे. एटीआय कंपनीच्या ब्लू प्लससारख्या ४५० नॅनोमीटरच्या आसपास जोर असलेल्या नळ्या पाया म्हणून घ्याव्यात, त्यांना कोरल प्लससारख्या पांढरट नळ्यांची जोड द्यावी आणि चमक हवी असेल तर ४२० नॅनोमीटरकडे झुकणारी एखादी ॲक्टिनिक नळी घ्यावी. आठ नळ्यांत पाच निळ्या, दोन पांढरट आणि एक जांभळट ही मांडणी मला समाधानकारक वाटते. टी५ला भोवतालचे तापमान ३५ अंशांच्या आसपास असताना सर्वाधिक प्रकाश देण्यासाठी बनवलेले असते. चौकटीत हवा खेळती नसेल तर नळ्या त्याहून बऱ्याच तापतात आणि प्रकाश घटतो, म्हणून पंखा असलेली चौकट पसंत करावी. नळ्या वर्षाच्या आत-बाहेर बदलाव्या लागतात आणि सगळ्या एकदम न बदलता थोड्या थोड्या बदलाव्यात, नाहीतर प्रवाळांना एका रात्रीत वाढलेल्या प्रकाशाचा धक्का बसतो.

टी५च्या बाबतीत खरी चिंता पुढच्या काळाची आहे. नळीत पारा असतो. युरोपीय संघात ऑगस्ट २०२३ पासून सर्वसाधारण प्रकाशासाठीच्या टी५ नळ्या नव्याने बाजारात आणण्यावर बंदी आली आणि पाऱ्यावरील मिनामाता करारातील देशांनी त्याच वर्षी नळीदिव्यांचे उत्पादन व आयात-निर्यात २०२७ पर्यंत टप्प्याटप्प्याने थांबवण्याचे ठरवले. हे निर्णय सर्वसाधारण प्रकाशासाठीच्या दिव्यांचे असले तरी प्रवाळटाकीच्या नळ्या त्याच कारखान्यांच्या आधाराने बनत आल्या आहेत. ज्याच्याकडे चांगली टी५ चौकट आहे आणि प्रवाळे खूश आहेत, त्याने ती काढून टाकण्याचे काहीही कारण नाही. पण आज नव्याने केवळ टी५वर टाकी उभारणाऱ्याने दोन-तीन वर्षांनी नळ्या मिळतील का, याचा विचार आधी करावा.

एलईडीने हा छंद पालटून टाकला. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला तेजस्वी निळा एलईडी तयार झाला नसता तर प्रवाळटाकीचे आजचे दिवे शक्यच नव्हते. त्या कामासाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. ४४५ ते ४६० नॅनोमीटरचा गडद निळा आणि ४०० ते ४२० नॅनोमीटरचा जांभळा, असे नेमके हवे ते रंग एलईडी देतो. प्रत्येक रंगाची पट्टी वेगळी कमी-जास्त करता येते, पहाट आणि संध्याकाळ हळूहळू आणता येते आणि नवीन प्रवाळांसाठी प्रकाश निम्म्यावर आणून काही आठवड्यांत परत वर नेता येतो. शेवटची ही सोय मला सर्वांत मोलाची वाटते. उष्णता खाली न जाता वरच्या पंखदार धातूतून हवेत निघून जाते, त्यामुळे अनेक टाक्यांची चिलरची गरजच संपते.

विजेची बचत मात्र जाहिरातीत सांगतात तेवढी नसते. १२० सेंटिमीटर लांब, ६० रुंद टाकीवर कडक प्रकाशाची प्रवाळे वाढवायची असतील तर दोन २५० वॅटचे हॅलाइड दहा तासांत बॅलास्टचा खर्च वगळून ५ युनिट वीज घेतात, ५४ वॅटच्या आठ टी५ नळ्या ४.३ युनिट, आणि चांगले एलईडी दिवे पुरेशा संख्येने लावून सरासरी २५० वॅटवर चालवले तर २.५ युनिट. बचत निश्चित आहे, पण ती ‘पुरेशा संख्येने’ या दोन शब्दांवर टिकून आहे. एकच जोरदार एलईडी मधोमध टांगून बचत साधणाऱ्याला मधल्या खडकावर ५०० आणि कोपऱ्यात ६० असे आकडे मिळतात आणि मधली प्रवाळे पांढरी पडत असतानाच कडेची तपकिरी होत असतात.

एलईडीचे सगळे दोष इथेच येऊन मिळतात. दिव्याच्या आत बारीक बारीक वेगळ्या रंगांचे चिप असतात आणि प्रत्येकावर अरुंद भिंग असेल तर वाळूवर लाल-हिरव्या ठिपक्यांचा नाच दिसतो, सावल्यांना रंगीत कडा येतात आणि प्रवाळाच्या खालच्या बाजूला काहीच पोहोचत नाही. कंपन्यांनी यावर वेगवेगळे मार्ग काढले आहेत. केसिलने सगळे चिप एका छोट्या वर्तुळात दाटीने बसवले, त्यामुळे रंग सुरेख मिसळतात आणि हॅलाइडसारखी प्रकाशाची जाळी मिळते, पण उगम बिंदूसारखाच असल्याने सावली धारदार राहते. इकोटेकच्या रेडिऑनमध्ये चिपांचे पुंजके आणि रुंद भिंगे आहेत, तर फिलिप्सच्या कोरलकेअरची सगळी मांडणीच प्रकाश पसरट आणि एकजीव बाहेर यावा या हेतूने केलेली होती. ऑर्फेकसारख्या कंपन्यांच्या लांब, अरुंद एलईडी पट्ट्या मला विशेष उपयोगी वाटतात, कारण टाकीच्या पुढच्या आणि मागच्या कडेला अशी एकेक पट्टी लावली की मुख्य दिव्याने सोडलेल्या सावल्या बऱ्याच भरून निघतात. माझ्या मते दोन महागडे दिवे पूर्ण जोरात चालवण्यापेक्षा चार मध्यम दिवे निम्म्या जोरात चालवणे प्रवाळांसाठी चांगले असते. दिवा पाण्यापासून वर उचलल्यानेही पसारा वाढतो. पृष्ठभागापासून २५ ते ३० सेंटिमीटरवर टांगलेला एलईडी १५ सेंटिमीटरवर टांगलेल्यापेक्षा मध्यभागी कमी आणि कडेला जास्त देतो, आणि हा सौदा बहुतेक वेळा फायद्याचाच असतो.

एलईडीखाली प्रवाळे मरण्याचे सर्वांत मोठे कारण मात्र दिव्यात नसून आपल्या डोळ्यांत असते. गडद निळा प्रकाश डोळ्याला मंद वाटतो. टी५ची सवय असलेला माणूस नवा एलईडी लावतो, टाकी अंधारी वाटते म्हणून तो दिवा ८० टक्क्यांवर नेतो, आणि प्रवाळांना पूर्वीच्या दुप्पट प्रकाश मिळू लागतो. काही दिवसांत रंग फिके पडू लागले की तो पाण्यातले क्षार तपासत बसतो. याच्या जोडीला पाण्यातील नायट्रेट आणि फॉस्फेट जवळजवळ शून्यावर असतील तर हा परिणाम आणखी लवकर दिसतो.

५०,००० तासांच्या आयुष्याचा दावाही समजून घ्यावा. दिवसाला दहा तासांनी ती तेरा-चौदा वर्षे होतात, पण तो आकडा चिपचा असतो. त्याआधी पंखा थांबतो, मीठ सर्किटवर चढते, वीजपुरवठ्याचा डबा जळतो किंवा भिंगे पिवळी पडतात. म्हणून एलईडी घेताना पंखा आणि वीजपुरवठा सुटे मिळतात का आणि ते घरच्या घरी बदलता येतात का, हे मी चिपच्या संख्येपेक्षा आधी विचारतो. भिंगांवर साचलेले मीठ दर आठवड्याला ओल्या कापडाने पुसले नाही तर पार सावकाश पण निश्चित घटत जातो.

संकरित दिव्यात मध्यभागी एलईडी आणि दोन्ही कडांना दोन-दोन टी५ नळ्या असतात. नळ्या सावल्या भरून काढतात, एलईडी प्रकाशाची जाळी, चमक आणि पहाट-संध्याकाळ देतो. केवळ प्रवाळांच्या वाढीवर आणि रंगावर निर्णय द्यायचा तर माझी पहिली पसंती या दिव्याला आहे. ॲक्रोपोराच्या मोठ्या वसाहती बुडापासून टोकापर्यंत सारख्या रंगाच्या मी सर्वांत जास्त याच दिव्याखाली पाहिल्या आहेत. किंमत जास्त, आकार अवजड आणि नळ्यांच्या भवितव्याची चिंता इथेही आहेच. मात्र नळ्या मिळेनाशा झाल्या तर त्याच जागी एलईडी पट्ट्या बसवता येतात, त्यामुळे ही गुंतवणूक वाया जाण्याची भीती शुद्ध टी५ चौकटीपेक्षा कमी आहे.

मऊ प्रवाळे आणि मशरूम यांच्या लहान टाकीला एक चांगला एलईडी पुरतो आणि त्यावर अधिक विचार करण्याची गरज नाही. हॅमर, टॉर्च, ब्रेन या प्रवाळांसाठी रुंद भिंगांचा एलईडी घ्यावा आणि तीव्रता कमीच ठेवावी. ॲक्रोपोरा, मॉन्टिपोरा आणि ट्रायडॅक्ना शिंपल्यांसाठी संकरित दिवा किंवा चार बाजूंनी येणारे एलईडी यांपैकी एक निवडावा. एकाच मोठ्या एलईडीवर अशी टाकी चालवणे शक्य असले तरी त्यासाठी प्रवाळांची मांडणी आणि छाटणी यांवर सतत लक्ष ठेवावे लागते. ७५ सेंटिमीटरहून खोल टाकीत तळाशीही प्रकाश हवा असेल तर अरुंद भिंगांचे एलईडी किंवा हॅलाइड यांची गरज पडते, आणि तिथे रुंद पसाऱ्याचा माझा आग्रह मी स्वतःच सैल करतो.

वापरलेला दिवा घेणार असाल तर तो किमान अर्धा तास चालू ठेवून पाहावा. एलईडीत पंख्याचा आवाज, स्क्रूभोवतीचा गंज आणि पिवळी भिंगे तपासावीत आणि प्रत्येक रंगाची पट्टी एकेक करून पूर्ण वाढवून विझलेले चिप शोधावेत. टी५मध्ये नळीच्या टोकांची रबरी बुचे आणि रिफ्लेक्टरवरचे पांढरे डाग पाहावेत. हॅलाइडमध्ये बॅलास्टचा आवाज ऐकावा आणि पुढची काच अखंड आहे याची खात्री करावी. जुन्या नळ्या आणि हॅलाइडचे दिवे पाऱ्यामुळे साध्या कचऱ्यात टाकू नयेत, ते न फोडता धोकादायक कचऱ्याच्या संकलनात द्यावेत.

नवा दिवा घरी आला की जुना काढण्यापूर्वी खडकावरच्या पाच-सहा ठिकाणांचे पार आकडे लिहून ठेवावेत आणि नवा दिवा आधी त्याच आकड्यांवर किंवा त्याहून थोडा खाली आणावा. मीटर मिळत नसेल तर ३० ते ४० टक्क्यांवर सुरुवात करून दर आठवड्याला पाच टक्क्यांहून जास्त वाढ करू नये. प्रवाळाची टोके फिकट होत असतील तर वाढ थांबवून एक पायरी मागे यावे; बुडाकडचा भाग तपकिरी होत असेल तर दिव्याचा जोर वाढवण्याआधी त्याची जागा किंवा उंची बदलून पाहावी. प्रकाश वाढला की दगडी प्रवाळे कॅल्शियम आणि अल्कलिनिटीही (पाण्यातले बायकार्बोनेट व कार्बोनेट) जास्त वापरू लागतात, त्यामुळे या आठवड्यांत अल्कलिनिटीची चाचणी एक दिवसाआड करावी आणि तिची मात्रा त्याप्रमाणे वाढवत न्यावी.